पहिलीचा वर्ग मागून घे

तुझा प्रश्न मला असा समजला: डी.एल.एड. (म्हणजे पूर्वीचं डी.एड.) झालं, टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिली ते पाचवीसाठीचा पहिला पेपर निघाला, पुण्यात दोन खासगी शाळांत मुलाखतीला गेलास आणि दोन्हीकडून "प्रायमरीला आम्ही लेडीजच घेतो" असं ऐकून परत आलास. बहिणीच्या मुलाच्या शाळेत पुरुष म्हणजे पीटीचे सर, शिपाई आणि बसचा ड्रायव्हर, एवढेच. तेव्हा पुरुष प्राथमिक शिक्षक संपत चालले आहेत का, आणि आपण वेळीच बी.ए., बी.एड. करून हायस्कूलकडे वळावं का?

माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, म्हणून एकेरीत लिहितो. जिल्हा परिषदेत 26 वर्षं झाली, त्यातली 17 पहिली-दुसरीवर गेली.

तुला पुण्यात जे दिसलं त्यावरून अख्ख्या महाराष्ट्राचा अंदाज बांधू नकोस. आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद भरली की आजही पुरुषच जास्त दिसतात. डोंगरातल्या वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत तर दोघंही पुरुष. बदल्यांच्या नियमात काही गावं महिलांसाठी प्रतिकूल म्हणून वेगळी काढलेली असतात, तिथं आमचीच वर्णी लागते. मी अशा एका शाळेत सहा वर्षं होतो. तिथल्या मुलींनी चौथीपर्यंत एकही बाई फळ्यापाशी उभी पाहिली नव्हती. आणि तुझ्या भाच्यानं सर पाहिला तो फक्त शिट्टी वाजवणारा. म्हणजे टंचाई दोन्हीकडे आहे, फक्त उलटसुलट.

गंमत म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वी सरकारची काळजी बरोबर उलटी होती. 1987 ची खडू-फळा योजना आठवते का? तुझ्या जन्माआधीची. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन शिक्षक हवेत आणि त्यातली शक्यतो एक महिला, असं त्यात होतं, कारण खेड्यात शिक्षिका मिळत नव्हत्या. आता यू-डायसच्या, म्हणजे सरकारच्या शाळांविषयीच्या माहितीच्या, 2024-25 च्या आकड्यांत देशभरातल्या शिक्षकांपैकी 54.2 टक्के महिला आहेत. हा आकडा बारावीपर्यंतचा सगळा मिळून. खालच्या वर्गांत आणि शहरात पारडं याहून किती झुकलंय, ते तू स्वतःच पाहून आलास.

आता कारणं. लोक म्हणतात, पुरुषांना लहान पोरांची आवड नसते. मला हे पटत नाही. माझ्या मते पहिलं कारण पैसा. शहरातल्या विनाअनुदानित शाळेत प्राथमिकला दहा-बारा हजार देतात. माझ्या ओळखीच्या एका संस्थाचालकांनी मला तोंडावर सांगितलं होतं, "गुरुजी, बाईंना नवऱ्याचा पगार असतोच की. पुरुष घेतला तर तो सहा महिन्यांत पगार वाढवून मागतो, नाहीतर सोडून जातो." याला ते बालमानसशास्त्र म्हणतात! "लहान मुलांना आईची माया लागते" हे जे तुला ऐकवलं ना, त्याच्या खाली बरेचदा हा हिशेब असतो. त्यात तुझ्यावर अन्याय आहेच, पण त्याहून मोठा त्या बाईंवर आहे. डी.एड. होऊन, चाळीस पोरं सांभाळून, घरी वह्या नेऊन तिला मिळतात ते दहा हजार. म्हणून तिथं नाकारल्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस.

जिल्हा परिषदेत पगाराचा प्रश्न नाही. मूळ वेतन 29,200 पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. प्रश्न तिथं पोचण्याचा आहे. 2012 मध्ये भरती थांबली, 2013 मध्ये टीईटी आली, भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी व्हायला 2017 उजाडलं, पुढची 2023 ला, त्यानंतर 2025 ला. निवड झाली तरी तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पगाराऐवजी ठरावीक मानधन. त्याचं मानधन 2023 पर्यंत महिना 6,000 होतं, आता 16,000 आहे. मी 1999 ला लागलो तेव्हा ही शिक्षणसेवक योजना यायची होती, पहिल्याच महिन्यापासून पूर्ण पगार. आमच्या गावातली 2009-10 च्या सुमारास डी.एड. झालेली पोरं मोजली तर एकाचं कृषी सेवा केंद्र आहे, एक पोलिसात गेला, एक ट्रॅक्टरच्या शोरूमला आहे. मुलगी थांबली तर घरचे म्हणतात, होईल कधीतरी. मुलगा थांबला की स्थळवाले विचारतात, "पर्मनंट आहे का?" आणि तिथंच विषय संपतो. त्या पोरांना शिकवायची आवड नव्हती असं कोण म्हणेल? त्यातला ट्रॅक्टरवाला अजून माझ्याकडून गोष्टीची पुस्तकं नेतो, पोरीला वाचून दाखवायला.

दुसरं कारण मात्र आमचं आम्हीच तयार केलंय. जून महिन्यात वर्गवाटप होतं तेव्हा बघ. शाळेत चार पुरुष आणि एक बाई असल्या तरी पहिली बाईंना. कुणी विचारतसुद्धा नाही. चौथी-पाचवी शिष्यवृत्तीवाल्या सरांना, सातवी मुख्याध्यापकांच्या मर्जीतल्याला. पहिली घेणं म्हणजे शेंबूड पुसणं, आणि ते आपलं काम नाही, असं आम्ही इतकी वर्षं मानत आलो. मग शहरातल्या संस्थाचालकांना एकट्याला कशाला नावं ठेवायची?

मलाही पहिली मिळाली ती शिक्षा म्हणूनच. बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापकांशी माझं तेव्हा फाटलं होतं. पहिल्याच दिवशी परिपाठ झाल्यावर एक पोरगा माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. बोलेना. नुसतं पोट पुढं काढून उभा. मी विचारलं, भूक लागली का? पाटी हरवली का? मान हलवत राहिला. मग लक्षात आलं, चड्डीच्या नाडीला निरगाठ बसली होती. मी नखांनी ती सोडवायला घेतली, पण ओली सुती नाडी, गाठ दगडासारखी. सुटेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं, माझ्या चपलेवरसुद्धा. वर्ग हसला, पोरगा रडला, आणि कित्येक वर्षं सातवीला भूमिती शिकवलेला मी शुंभासारखा बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी सुतळीचे तुकडे नेले आणि अख्ख्या वर्गाला सुरगाठ शिकवली. आठवडा गेला त्यात. त्या आठवड्यात मला मुलं जेवढी कळली तेवढी डी.एड.च्या दोन वर्षांत कळली नव्हती. बाई रजेवरून आल्यावर मीच म्हणालो, पहिली माझ्याकडे राहू द्या.

आता अवघड गोष्ट. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याच्या ऑगस्ट 2024 च्या प्रकरणानंतर आईबापांची धास्ती वाढलीय आणि ती खोटी नाही. एका आईनं मला सरळ विचारलं होतं, "पहिलीला बाई नाही का हो?" तेव्हा राग आला होता. रात्री विचार केला, माझी मुलगी असती तर मी तरी काय विचारलं असतं? तेव्हापासून जूनच्या पालकसभेत मी आधीच सांगून टाकतो: वर्गाचं दार-खिडक्या सताड उघड्या असतील, शाळा सुटल्यावर एकही मूल माझ्याजवळ एकटं थांबणार नाही, लघवीला दोघं-दोघं जातील, कुणाचे कपडे ओले झाले तर खिचडी करणाऱ्या ताई बघतील. त्या नाडीवाल्या पोरासारखा प्रसंग आज आला तर मी दारात, सगळ्यांसमोर आणि ताईंना हाक मारूनच हात लावीन. पडलेलं पोर मात्र उचलायचंच, तिथं कचरायचं नाही. हे नियम तू स्वतःहून सांगितलेस तर पालक निम्मे सैल होतात. उरलेले दिवाळीपर्यंत होतात.

"मुलांना शिस्त लागायला पुरुष हवा" असं म्हणून कुणी तुला नोकरी देऊ लागलं तर सावध हो. मग प्रत्येक वर्गातून "थांब, सरांकडे पाठवते" सुरू होतं आणि तुझा बागुलबुवा होतो. फिनलंडमध्ये 1989 पर्यंत प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात 40 टक्के जागा पुरुषांसाठी होत्या. नंतर अभ्यासकांनी त्या काळातली मुलं पुढं किती शिकली ते तपासलं, तर या जागांवरून आलेले पुरुष शिक्षक जास्त मिळालेली मुलं पुढच्या शिक्षणात सरस निघाली, आणि हा फायदा मुलग्यांइतकाच मुलींनाही झालेला होता. म्हणजे बापाचा धाक वगैरे काही नाही. कामाला योग्य माणसं आत आली, एवढंच.

आणि आपल्याकडे हे काही नवं नाही. वकिली सोडून 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढणारे गिजुभाई बधेका पुरुषच होते. गुजरातेत त्यांना 'मूछाळी मा' म्हणत, मिशीवाली आई. महाराष्ट्रात बालवाड्या रुजवणाऱ्या आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करून मग बोर्डी-कोसबाडकडे आल्या. आपल्या बालवाडीचा एक धागा असा एका मिशीवाल्यापर्यंत जातो.

तर तुझं काय? बी.ए. कर, पण वळायचं म्हणून नको. मुक्त विद्यापीठातून घरबसल्या होईल, आणि सहावी ते आठवीसाठी टीईटीचा दुसरा पेपरही देता येईल. हायस्कूलच्या जागा याहून कमी, आणि खासगी अनुदानित संस्थांत काय मागतात ते तुला कुणीतरी सांगितलं असेलच. टीईटी आता आयुष्यभर चालते, ती वाया जात नाही. उलट सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या आम्हा जुन्यांनाही ती पास व्हायला लावलीय. माझ्या टेबलावर सध्या गाईड पडलंय आणि पोरगा मला टोमणे मारतोय. तू एक पायरी पुढंच आहेस.

मधल्या काळात रिकामा बसू नकोस. दहा हजारांची नोकरी शहरात खोली घेऊन करू नकोस, त्यात भाडंही निघत नाही. गावाजवळ एखादी शाळा तासिकेवर घेत असेल तर जा. पुढच्या अभियोग्यता चाचणीचा अभ्यास सकाळी आणि शाळा दुपारी, असं दोन वर्षं जमवता येतं. मात्र वयाचं आणि पैशाचं एक टोक आत्ताच ठरव. दोन चाचण्यांत नाही झालं तर दुसरं काम धरायचं, हे घरी आज सांगून ठेव, म्हणजे दर दिवाळीला तोच विषय निघणार नाही.

नेमणूक मिळाली की पहिल्या जूनला, वर्गवाटपाच्या आधी, मुख्याध्यापकांना भेट आणि पहिली माग. ते चमकतील, कारण पहिली मागायला कुणी येत नाही. आणि खिशात हातभर सुतळी असू दे.