लेखिका आणि मित्र जोडपं यांचा पत्रव्यवहार वाचायचाय, कुठून सुरू करू?

माझं उत्तर एकच, अमेरिकन लेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर आणि चेनी नवरा-बायको. ब्रेनर्ड चेनी स्वतः कादंबरीकार, त्याने तिच्या 'वाइज ब्लड'वर मनापासून परीक्षण लिहिलं, तेव्हा बहुतेकांना ती कादंबरी कळलीच नव्हती, म्हणून 1953 मध्ये तिने आभाराचं पत्र टाकलं आणि तिथून जे सुरू झालं ते 1964 मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत चाललं. बायको फ्रान्सिस, म्हणजे फॅनी, लायब्ररी सायन्स शिकवायची. ते टेनेसीत स्मर्नाला आणि फ्लॅनरी जॉर्जियातल्या मिलेजव्हिलजवळ आईबरोबर शेतावर, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) झालेला, पुढे कुबड्याही आल्या, त्यामुळे तिच्यासाठी पत्र म्हणजेच गप्पा मारायचा कट्टा होता.

मला सगळ्यात आवडतं ते हे की ती दोघांचीही मैत्रीण आहे, नवऱ्याशी ओळख म्हणून बायकोला नुसता नमस्कार सांगा असला प्रकार नाही. एकमेकांचं लिखाण वाचून मतं देणं, धर्मावर गंभीर चर्चा (ते दोघं 1953 मध्येच कॅथलिक झाले, ती जन्मापासूनच), आणि मधेच शेतावरचे मोर! आजाराचं रडगाणं जवळपास नाहीच, दोन ओळीत उरकते आणि पुढच्या विषयावर.

ही पत्रं 1986 मध्ये पुस्तकरूपात आली. इंग्रजी जड जात असेल तर आधी आपल्या सुनीताबाईंचा 'प्रिय जी.ए.' हा पत्रसंग्रह वाचा, तिथे पु.लं.चं घरही दिसतं.