यवतेश्वर घाट उतरताना माउंटन बाइकचा डिस्क ब्रेक तापून लागेनासा झाला. आता ब्रेक बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की कासहून साताऱ्याला परतताना यवतेश्वरच्या उतारावर मागच्या ब्रेकला जळका वास आला, लिव्हर हँडलला टेकली आणि रोटर, म्हणजे चाकावरची ब्रेकची चकती, निळसर पडला. घरी आल्यावर मात्र ब्रेक पहिल्यासारखा लागतोय.

ब्रेक बदलू नका. पण आता लागतोय म्हणून तसाच परत घाटात नेऊही नका.

लिव्हर टेकली, यातच सगळं आलं. लिव्हर घट्ट लागते पण सायकल थांबत नाही, असं झालं असतं तर दोष तापलेल्या पॅडचा. तुमची लिव्हर मऊ पडून आत गेली, म्हणजे कॅलिपरमधलं (रोटरवर पॅड दाबणाऱ्या भागातलं) तेल उकळलं. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. तुमचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात गेला. गार झाल्यावर बुडबुडे विरले, एवढंच.

'डॉट' प्रकारचं तेल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. आपल्याकडचा पावसाळा बघता हे तेल वर्षाला बदललेलं बरं. काही ब्रेकमध्ये डॉटऐवजी मिनरल ऑइल असतं. ते पाणी शोषत नाही, पण आत शिरलेला पाण्याचा थेंब कॅलिपरशी, नेमका सगळ्यात तापणाऱ्या जागी, जाऊन बसतो. तेव्हा ब्लीड करून घ्या, म्हणजे जुनं तेल आणि हवा काढून नवं तेल भरून घ्या. लिव्हरवर जे तेल लिहिलंय तेच भरा. दुसरं भरलंत तर आतले रबरी सील खराब होतात.

पॅड काढून बघा. काचेसारखे चकचकीत झाले असतील तर बारीक पॉलिश पेपर सपाट ठेवून त्यावर घासा. रोटर नुसता निळा पडला असेल, वाकला नसेल, तर चालतो. किमान जाडी बहुधा त्याच्यावरच कोरलेली असते.

आता मूळ कारण. कासचं पठार साधारण १२०० मीटरवर, सातारा ७०० च्या आसपास. तुम्ही आणि सायकल मिळून ९० किलो धरा. ५०० मीटर उतरताना जी ऊर्जा सुटते तिच्यात जवळजवळ दीड लिटर पाणी उकळेल. त्यातली काही वारा घेतो, उरलेली बहुतेक त्या दोन पातळ चकत्यांवर येते. तुम्ही एकट्या मागच्याच चकतीवर टाकलीत, असं दिसतंय.

मीही तेच करायचो. 'पुढचा दाबलास तर उलटा पडशील' हे लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे पूर्ण घाट मागचा ब्रेक अर्धवट धरून उतरायचो. एकदा वास आला म्हणून थांबलो आणि हुशारीने बाटलीतलं पाणी रोटरवर ओतलं. चर्र झालं, रोटर वाकला, आणि साताऱ्यापर्यंत प्रत्येक फेऱ्याला सर्र-सर्र ऐकत आलो. तुम्ही पाणी ओतू नका. बोट लावूनही बघू नका.

धरून ठेवलेल्या ब्रेकला गार व्हायला फुरसतच मिळत नाही. समोरचा रस्ता मोकळा दिसत असेल तिथे ब्रेक सोडा, छाती उभी ठेवून बसा, वाऱ्याला त्याचं काम करू द्या. वळणाआधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक एकदम दाबून वेग पाडा आणि पुन्हा सोडा. पुढचा दाबताना अंग मागे न्या, हात ताठ ठेवा, नाही पडत उलटे.

फुलांच्या दिवसांत रविवारी मात्र हे जमत नाही. पुढे गाड्यांची रांग, ब्रेक धरावाच लागतो. तेव्हा सरळ बाजूला घ्या आणि पाच-दहा मिनिटं थांबा. थांबल्यावर लिव्हर दाबून धरू नका, पॅडची उष्णता तेलात उतरते.

एवढं करूनही तापत असेल तर १६० ऐवजी १८० मिलिमीटरचा रोटर घाला. फ्रेम आणि फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या भागाला) तो चालतो का, हे आधी विचारा. पॅड नवे टाकलेत तर त्याच दिवशी घाट नको. आधी वीसेक वेळा वेग घेऊन, पूर्ण न थांबता, ब्रेक दाबून ते बसवून घ्या. त्यासाठी साताऱ्यात सपाट रस्ता शोधावा लागेल, तेवढी तसदी घ्याच.