खारी हवा आणि गंजकी सळई

प्रश्न : मोरोक्कोतल्या कासाब्लांका शहरातल्या ‘हसन दुसरा’ मशिदीचा काही भाग थेट समुद्रावर आहे. खाऱ्या पाण्याने ती खराब होत नाही का?

उत्तर : होते, आणि झालीही! १९९३ साली उद्घाटन झालं. दहाएक वर्षांतच समुद्राकडच्या काँक्रीटची दुरुस्ती काढावी लागली. मीठ काँक्रीटमध्ये मुरतं, आतली सळई गंजून फुगते, वरचा थर सुटतो. बांधकामावर आयुष्य काढलेल्या मला हे दुखणं चांगलंच ओळखीचं. दुरुस्तीत स्टेनलेस स्टीलच्या सळया घातल्या. महाग, पण तिथे दुसरा इलाज नाही.

लोक मात्र मला विचारतात ते २१० मीटरच्या मिनाराबद्दल, नाहीतर सरकत्या छताबद्दल. आत २५ हजार माणसं मावतात, तेव्हा उघडणारं छत हवंच. फक्त ते सरकवणारी यंत्रणाही त्याच खाऱ्या हवेत असते!