फी कमी, खर्च जास्त

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

बारावीनंतर तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करते म्हणालीस आणि आबांनी विचारलं, "हाई शिकीसन तू काय करशी?" सूर रागाचा असेल, पण प्रश्न खरा आहे. 'मला आवड आहे' हे त्याचं उत्तर नव्हे. हिशेब मांडून दाखव.

अनुदानित कॉलेजात बी.ए.ची फी काही हजारांत असते. त्यातली काही महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीतून निघू शकते. (उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढ, जूनमध्ये सेतूवर उभं राहायला जागा नसते.) म्हणून लोक म्हणतात, आर्ट्स स्वस्त. स्वस्त आहे ती फी. पुढे एम.ए.ला पुण्यात राहिलीस तर खोली, मेस, बस मिळून महिन्याला 10,000 धर. दोन वर्षांचे 2,40,000. तेवढ्याच काळात जळगावात 15,000 ची नोकरी केली असतीस तर हाती आले असते 3,60,000. म्हणजे एम.ए. पडलं सहा लाखांना. आबांच्या कपाशीचा हिशेब तू पाहतेसच, सहा लाख म्हणजे काय ते मी सांगायला नको.

बदल्यात काय? सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं, आणि या आकड्यावर भाळून पोरं एम.ए.ला जातात. पण पद मंजूर होतं कार्यभारावर, म्हणजे शिकवायच्या तासांवर, आणि कार्यभार ठरतो वर्गातल्या डोक्यांवर. तत्त्वज्ञानाला पोरं कमी, त्यामुळे सर निवृत्त झाले की त्यांची जागा बऱ्याचदा रिकामीच राहते. मग नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेला मुलगा तासिका तत्त्वावर शिकवतो. जेवढे तास तेवढे पैसे, सुटीचे नाहीत, आणि बिल निघेल तेव्हा निघेल. 'यंदा जाहिरात येईल' म्हणत तिशी ओलांडलेली हुशार पोरं मी पाहिलीत. सहा लाखांपेक्षा हा खर्च मोठा. आणि जागेसाठी कुणी पैसे मागितले तर आबांना एक गुंठाही विकू देऊ नकोस.

तरीही मी म्हणतो, बी.ए. तत्त्वज्ञानातच कर. एम.ए.चं मात्र आज ठरवू नकोस.

नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची ऑनर्स पदवी आहे. तीत 75 टक्के असतील तर 2024 पासून एम.ए. न करताही जेआरएफ या संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी नेटला बसता येतं. जेआरएफ लागली तर पीएच.डी. करताना पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 आणि पुढे 42,000 मिळतात. मग खर्चाचा प्रश्नच बदलतो. प्राध्यापक व्हायचं तर एम.ए. लागेलच, पण चार वर्षांनंतर ते एका वर्षात करायची सोय या धोरणात आहे. जेआरएफ नाही लागली तर तिथेच थांबून तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी दे. वकिलीत तर्क शिकलेलं माणूस उपाशी राहत नाही, असं माझं मत आहे. मायनर, म्हणजे दुय्यम विषय, अर्थशास्त्र घे. आणि इंग्रजी वाचनाची सवय पहिल्या वर्षापासून लाव. कांटसारखा जर्मन तत्त्वज्ञ मराठीतून समजेल, पण नेटच्या तयारीची बरीचशी पुस्तकं इंग्रजीतच आहेत.

यूपीएससीचं मला विचारलंस. मुख्य परीक्षेच्या 1750 गुणांपैकी 500 वैकल्पिक विषयाचे, आणि त्यात तत्त्वज्ञान घेता येतं. नीतिशास्त्राचा 250 गुणांचा पेपर सगळ्यांनाच असतो, तिथेही तुला मदत होईल. पण 'अमका तत्त्वज्ञान घेऊन कलेक्टर झाला, म्हणजे तत्त्वज्ञान घेतलं की होतं' हे खरं का, तूच तपास. पाऊस झाला तर पाटाला पाणी येतं. आज पाटाला पाणी आलंय. म्हणून पाऊस झाला? भडगावकडची तू, हसशीलच. गिरणा धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलेलं असतं! पहिल्या वर्षाच्या तर्कशास्त्रात हाच दोष कोष्टक मांडून शिकवतात, आणि क्लासच्या जाहिराती बहुतेक त्याच दोषावर चालतात. ही नजर आली तर तीन वर्षांची फी वसूल, असं मी आबांनाही सांगेन.

अमळनेरला एकदा जाऊन ये. प्रताप शेठजींनी 1916 साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था उभारली. पुढे कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा मोठा तत्त्वज्ञ बंगालमधून येऊन त्याचा संचालक झाला. आपल्या खान्देशात! साने गुरुजीही अमळनेरला आले ते या मंदिरात शिकायलाच. पण 1924 ते 1930 त्यांचं पोट चाललं ते प्रताप हायस्कुलातल्या मास्तरकीवर. आबांना हे नक्की सांग, गुरुजींचं नाव काढलं की ते ऐकून घेतात.

आता एक कर. वरचे आकडे तुझ्या वहीत तुझ्या हाताने मांड: फी, खोली, बुडालेला पगार. शेजारी तारखा लिही. जेआरएफसाठी किती प्रयत्न करायचे आणि कोणत्या महिन्यात थांबायचं. वयाची अट खुल्या गटाला 30, मुलींना त्यात 5 वर्षांची सवलत आहे, पण तेवढं लांबवू नकोस. तो कागद आबांसमोर ठेव. चिडले तर मला फोन लावून दे, मी बोलतो.

तुझे,
सर