प्रत्येक जिनला टॉनिकच हवे असे नाही

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे जिनविषयी आहेत. जिन म्हणजे एकच एक पेय आणि ते पिण्याची रीतही एकच, असे त्यातील अनेकांनी गृहीत धरलेले दिसते. निवडक चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : दुकानातून आणलेल्या जिनच्या बाटलीवर ठळक अक्षरांत ‘लंडन ड्राय’ असे छापलेले आहे; मागच्या बाजूला मात्र उत्पादन गोव्यातले असल्याचे नमूद केले आहे. ही ग्राहकाची दिशाभूल नव्हे काय? आणि अशी जिन नेमकी कशी प्यावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दिशाभूल मुळीच नाही. लंडन ड्राय हे पद्धतीचे नाव आहे, आणि ती पद्धत पाळून कोणत्याही देशात ही जिन करता येते. युरोपीय संघाचा नियम असा, की जुनिपर (जिनला तिचा मुख्य वास देणारे एका सदाहरित झुडपाचे फळ), धणे, लिंबूवर्गीय फळांच्या साली, अँजेलिका या सुगंधी वनस्पतीचे मूळ अशी जी काही सुगंधी द्रव्ये वापरायची असतील, ती सर्व मद्यार्काबरोबर भट्टीतूनच गेली पाहिजेत. त्यानंतर पाणी आणि मूळचाच तटस्थ, म्हणजे स्वतःची चव नसलेला, मद्यार्क यांखेरीज चव किंवा रंग देणारे काहीही घालता येत नाही, आणि साखरेचे प्रमाण लिटरमागे 0.1 ग्रॅमच्या वर जाता कामा नये. थोडक्यात, येथे वरून फोडणी चालत नाही. गोव्यात तयार होणारी आणि 2017 मध्ये बाजारात आलेली ग्रेटर दॅन ही याच प्रकारातली आहे. उलट स्कॉटलंडच्या हेंड्रिक्समध्ये काकडी आणि गुलाब यांचे अर्क ऊर्ध्वपातनानंतर मिसळले जातात, म्हणून ती उत्तम जिन असूनही लंडन ड्राय ठरत नाही.

नवी बाटली उघडल्यावर पहिला घोट टॉनिकबरोबर, म्हणजे क्विनीन या द्रव्यामुळे कडवट लागणाऱ्या सोडायुक्त पेयाबरोबर, घेऊ नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. एका लहान ग्लासात 15 मिलिलिटर जिन आणि तितकेच साधे, थंड न केलेले पाणी घेऊन आधी वास घ्यावा आणि मग चव पाहावी. देवदाराच्या चिकासारखा जो वास सर्वांत आधी येतो तो जुनिपरचा. त्यामागून येणारी लिंबासारखी तरतरी पुष्कळदा लिंबाची नसून धण्यांची असते, हे आपल्या स्वयंपाकघराशी परिचय असलेल्या जिभेलाही प्रथम पटत नाही. पाणी घातल्यावर जिन किंचित दुधाळ झाली तर भेसळीचा संशय घेऊ नये. फळांच्या सालींतील आणि जुनिपरमधील तेले मद्यार्कात विरघळतात, पण पाण्यात विरघळत नाहीत. त्यामुळे सुगंधी द्रव्ये भरपूर असलेल्या जिनमध्ये असे होणे स्वाभाविक आहे.

लंडन ड्रायला टॉनिक उत्तम जुळते, कारण तिच्यात गोडवा नसतो आणि तिचा जुनिपर क्विनीनच्या कडूपणापुढे दबत नाही. 50 मिलिलिटर जिनला 100 ते 150 मिलिलिटर टॉनिक पुरे. टॉनिक आधीच थंड केलेले असावे, बर्फाचे खडे मोठे असावेत आणि ग्लास बर्फाने काठोकाठ भरावा. बर्फ कमी घातला की तो लवकर वितळतो आणि पेय पाणचट होते. हीच मात्रा प्रत्येक बाटलीला लावू नये, इतके मात्र सांगायला हवे. हापुसा या जिनमध्ये हिमालयातील जुनिपर आहे आणि तिचा मातकट, मसालेदार स्वभाव टॉनिकखाली झाकला जातो, असे आमचे मत आहे. ती नुसत्या बर्फावर, संत्र्याच्या सालीचा तुकडा पिळून घ्यावी.

प्रश्न : आम्ही नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये राहतो. येथील एका जुन्या दारूगुत्त्यात येनेव्हर मागवली असता, काठापर्यंत भरलेला छोटा ग्लास समोर ठेवून ‘पहिला घोट वाकून घ्या’ असे सांगण्यात आले. चव मात्र जिनपेक्षा व्हिस्कीच्या जवळची वाटली. ही खरोखर जिन आहे का? तिच्यात टॉनिक घातल्यावर सर्वच बिघडले. (एक वाचक, आइंडहोव्हन)

उत्तर : हिला जिन म्हणण्यापेक्षा जिनची पूर्वज म्हणणे अधिक योग्य. आपल्याला व्हिस्कीची आठवण झाली, यात आपल्या जिभेची चूक नाही. येनेव्हरचा पाया मौटवाइन नावाचा मद्यार्क हा असतो. राय, मका, माल्ट केलेला (मोड आणून वाळवलेला) बार्ली अशी धान्ये आंबवून तो पात्रभट्टीत काढतात आणि धान्याची चव त्यात मुद्दाम राखली जाते. जुनिपर घालावेच लागते, पण ते ठळकपणे जाणवले पाहिजे अशी सक्ती नाही. लंडन ड्रायमध्ये मद्यार्क निर्गंध आणि जुनिपर पुढे. येथे धान्य पुढे आणि जुनिपर मागे.

या फरकामागे इतिहास आहे. डच जिन इंग्लंडमध्ये रुजली तेव्हा, म्हणजे 18व्या शतकात, लंडनमध्ये निघणारी स्वस्त दारू इतकी ओबडधोबड असे की तिचे दोष झाकण्यासाठी गोडवा आणि तीव्र वासाची द्रव्ये घालावी लागत. त्या दारूने शहरात असा हाहाकार माजवला की पार्लमेंटला 1736 आणि 1751 मध्ये निर्बंधांचे कायदे करावे लागले. ईनियस कॉफी यांनी 1830 मध्ये अखंड चालणाऱ्या स्तंभभट्टीचे पेटंट घेतल्यानंतर स्वच्छ मद्यार्क मुबलक मिळू लागला, झाकण्यासारखे फारसे उरले नाही, आणि साखरेविना जिन करणे शक्य झाले. आज जिला आपण सर्वसाधारण जिन समजतो, ती अशा रीतीने एका यंत्राची देणगी आहे. डच लोकांनी आपली जुनी रीत सोडली नाही, एवढेच.

बाटलीवरील ‘औडे’ आणि ‘योंगे’ या शब्दांवरून मद्य किती वर्षे मुरले आहे, याचा अंदाज बांधू नये. ते जुन्या आणि नव्या पद्धतीचे निदर्शक आहेत. औडेमध्ये मौटवाइन किमान 15 टक्के असते, योंगेमध्ये 15 टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, आणि कोरेनवाइन नावाच्या प्रकारात ते किमान 51 टक्के लागते. योंगे फ्रीजमध्ये थंड करून घ्यावी. औडे आणि कोरेनवाइन मात्र साध्या तापमानाला, काहीही न मिसळता, सावकाश प्याव्यात. वाकून घेतलेला पहिला घोट हा नाटकीपणा नाही, कारण ट्यूलिपच्या आकाराचा तो ग्लास इतका भरलेला असतो की उचलला तर सांडतोच. सोबत बिअरचा ग्लास घेण्याचीही तेथे रीत आहे. टॉनिकचा कडूपणा धान्याच्या गोडसर चवीशी भांडतो. मिसळायचेच असेल तर जिंजर एल अधिक जुळते. स्कीडाम हे येनेव्हरचे जुने गाव आपल्यापासून फार लांब नाही. धान्य दळण्यासाठी बांधलेल्या तेथील अतिउंच पवनचक्क्या पाहिल्या, म्हणजे या पेयात धान्याला एवढा मान का, हे सहज लक्षात येईल.

प्रश्न : मला टॉनिकची चव मुळीच आवडत नाही आणि त्यातील साखरही नको वाटते. मग जिनचा नाद सोडूनच द्यावा काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सोडण्याचे कारण नाही. टॉनिक कडू लागते म्हणून त्यात साखर नसेल, असा पुष्कळांचा समज असतो. आपला तो नाही, हे बरे आहे. बऱ्याच साध्या टॉनिकमध्ये 100 मिलिलिटरला 5 ते 9 ग्रॅम साखर असते. आपण 50 मिलिलिटर लंडन ड्राय, भरपूर सोडा आणि लिंबाच्या सालीचा तुकडा एवढेच घेऊन पाहावे; रस न पिळता केवळ साल मुरडून तिचे तेल वर उडवावे. थोडा गोडवा चालत असेल, तर ओल्ड टॉम हा किंचित गोड, जुना इंग्रजी प्रकार शोधावा. टॉम कॉलिन्स हे पेय मुळात याच जिनचे मानले जाते : 50 मिलिलिटर जिन, 20 मिलिलिटर कागदी लिंबाचा रस, 10 मिलिलिटर साखरेचा पाक आणि वरून सोडा. लंडन ड्राय वापरल्यास पाक थोडा वाढवावा.

कोकमाचे आगळ आणि जिन यांचेही चांगले जमते. आगळात मीठ असते, म्हणून अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करावी, आणि बाजारातले गोड कोकम सरबत त्याऐवजी वापरू नये.

प्रश्न : जिनची बाटली फ्रीझरमध्ये ठेवावी का? आणि ‘नेव्ही स्ट्रेंग्थ’ जिन अधिक चांगली असते काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. नेव्ही स्ट्रेंग्थमध्ये मद्यार्काचे प्रमाण सुमारे 57 टक्के असते. अधिक चांगली नव्हे, अधिक तीव्र. आपल्याकडील मद्य बहुधा 42.8 टक्क्यांचे असते, तेव्हा नेव्ही स्ट्रेंग्थच्या 60 मिलिलिटरमध्ये नेहमीच्या 80 मिलिलिटरइतका मद्यार्क पोटात जातो. लिंबूरस, पाक किंवा भरपूर सोडा असलेल्या पेयांत ती टिकून राहते, म्हणून तेथेच, आणि 40 मिलिलिटरच्या वर न जाता वापरावी.

फ्रीझरमध्ये ठेवल्याने नुकसान होत नाही आणि या तीव्रतेचे मद्य घरगुती फ्रीझरमध्ये गोठतही नाही, पण अतिथंड जिनचा सुगंध दबतो. मार्टिनीसाठी (जिन आणि व्हरमूथ ही सुगंधी वनस्पती घातलेली वाइन यांच्या मिश्रपेयासाठी) ही पद्धत वापरणारे एक गोष्ट विसरतात : बर्फाबरोबर ढवळताना पेय केवळ थंड होत नाही, त्यात पाणीही उतरते आणि त्यानेच चव खुलते. फ्रीझरमधील जिन थेट ग्लासात ओतायची असेल, तर 60 मिलिलिटर जिन आणि 10 मिलिलिटर ड्राय व्हरमूथ यांमध्ये 15 मिलिलिटर बर्फासारखे थंड पाणी मोजून घालावे.