निळ्या दोऱ्याचा हत्ती

हत्ती आधी आत आला, मुलगा नंतर. आईने पिशवीतून हत्ती काढून माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा तिच्या पाठीमागून एक डोकं हळूच बाहेर आलं. तो नेमका कुठे ठेवलाय, एवढंच बघायला.

हत्ती वीतभर असेल. मूळचा राखाडी, एका कानाची कड चोखून चोखून काळपट झालेली. सोंड मधोमध कधीतरी उसवली होती आणि निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेली होती. ते टाके शिवणकामाचे नव्हते. जवळजवळ, गाठीगाठींचे, जाळं दुरुस्त करणाऱ्या हाताचे होते.

आईचा मेसेज मला चार दिवस आधी आला होता. ‘मुलगा पाच वर्षांचा आहे. रात्री राक्षस येतो म्हणतो, झोपत नाही. एक मळकं खेळणं आहे, ते अजिबात सोडत नाही. घरात सगळे हसतात. त्याला काही मानसिक त्रास आहे का? खेळणं काढून घेतलं तर धीट होईल का?’

असे मेसेज मला वर्षभर येतात. हत्तीच्या जागी कधी ससा असतो, कधी आईची जुनी ओढणी, एकदा तर उशीचा नुसता अभ्रा होता. या आईला पहिल्या भेटीत जे सांगितलं ते इथेही आधीच सांगून टाकते: हा आजार नाही, आणि खेळणं काढून घेऊ नका. पुढची गोष्ट त्या राक्षसाची आहे, आणि तिथे माझाही अंदाज दोनदा चुकला. नाव-गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हत्ती मात्र हत्तीच ठेवलाय, आईला विचारून. मुलाला आपण निहार म्हणू.

मालवणच्या बाजूचं, समुद्राला लागून असलेलं गाव. वडील ट्रॉलरवर खलाशी. घरात आई, आजी आणि निहार. कुडाळला माझ्याकडे तिघंही एसटीने आली होती, आणि आजी बसायच्या आधीच बोलायला लागल्या.

‘‘हो आता पाच वर्सांचो घोडो झालो, आणि बावलो घेऊन निजता! आवशीक चिकटान रवतलो काय मगे जल्मभर?’’

निहार ऐकत होता. त्याने काही न बोलता हत्ती टेबलावरून उचलला आणि खाली चटईवर जाऊन बसला. माझ्या खोलीत सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी आहेत: फळं, भाज्या, एक बैलगाडी. त्याने त्यातलं केळं घेतलं आणि हत्तीला भरवायला बसला.

आजींनी सगळा पाढा वाचला. दृष्ट काढून झाली होती, देवळात गाऱ्हाणं घालून झालं होतं. मीठ-मिरची ओवाळण्याला माझा आक्षेप नसतो. त्या निमित्ताने पोराला कुणीतरी दोन मिनिटं जवळ घेतं, हे मी कमी मानत नाही. पण त्यासोबत मुलाच्या देखत ‘काय तरी लागलाहा ह्येका’ ही कुजबुज चालते, ती फार महागात पडते. मोठी माणसं हलक्या आवाजात बोलायला लागली की मुलाची खात्रीच पटते.

आईने दुसरा उपाय केला होता. मोबाईलवर कुठेतरी बघून तिने फवाऱ्याच्या बाटलीत गुलाबपाणी भरलं, ‘राक्षस पळवायचं औषध’ म्हणून रोज रात्री खाटेखाली मारायला लागली. दोन रात्री बरं चाललं. तिसऱ्या रात्री निहारने विचारलं, ‘‘म्हणजे तो आसा मां?’’

यावर आई निरुत्तर झाली. मीही झाले असते. काही समुपदेशक हा उपाय सुचवतात आणि काही घरांत तो चालूनही जातो. मला मात्र तो आवडत नाही. नसलेल्याला मारायला औषध आणलं की तो असल्याची पावतीच मिळते.

तीन ते सहा या वयात मुलाची कल्पनाशक्ती सुसाट धावते आणि खरं-खोटं निवडणारी अक्कल मागून रांगत येते. दिवसा तोच मुलगा सांगेल की राक्षस गोष्टीतला असतो. रात्री दिवा गेला की ते ज्ञान दिव्याबरोबर जातं. त्यात आपण मोठे ‘जेव, नायतर बागुलबुवा येतलो’ म्हणून भर घालतो. आजींनी हे ऐकून खिडकीबाहेर बघितलं. मी विषय वाढवला नाही.

आजींनी मध्यंतरी हत्ती दोनदा काढून घेतला होता. एकदा साबणाच्या पाण्यात घालून दोरीवर टांगला. निहार त्या दिवशी दोरीखाली माती उकरत बसून राहिला, हत्ती वाळेपर्यंत. हत्तीचा वास गेला होता. दुसऱ्यांदा माळ्यावर टाकला, आणि त्या रात्री घरात कुणीच झोपलं नाही.

डोनाल्ड विनिकॉट नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. १९५१ साली त्यांनी मुलांच्या अशा लाडक्या चिंध्या-बाहुल्यांवर निबंध मांडला. त्यात एक बारीक निरीक्षण आहे: ही वस्तू कशी बदलायची, हे मुलाने ठरवायचं असतं. आईने ती धुतली तर वास मोडतो, आणि त्याबरोबर मुलाने आई जवळ नसताना धरून ठेवलेला धागाही मोडू शकतो. आजींना मी विनिकॉट सांगितला नाही. एवढंच म्हटलं, ‘‘धुवायचा असेल तर त्याला विचारून, त्याच्या हाताने.’’

मग राक्षस. मुलं घाबरलेल्या गोष्टीबद्दल टेबलापलीकडून विचारलेलं सांगत नाहीत. खाली चटईवर बसून, दुसरंच काहीतरी करता करता विचारावं लागतं. मी दोडकं चिरायचं नाटक करत विचारलं, ‘‘तो खंय असता?’’

‘‘पाण्यात.’’

‘‘मगे घरात कसो येता?’’

‘‘सगळी निजली काय येता.’’

‘‘येऊन काय करता?’’

‘‘घेऊन जाता.’’

कुणाला, हे विचारल्यावर त्याने लाकडी केळं हत्तीच्या तोंडात इतकं जोरात कोंबलं की मी थांबले.

पहिला अंदाज माझा कौलांवरच्या आवाजाचा होता. कोकणात जुन्या घरांत रात्री कौलांवर कांडेचोर, म्हणजे उदमांजर, फिरतो, झावळ पडते, वाऱ्याने पत्रा वाजतो. पुढच्या आठवड्यात आईने आणि त्याने बॅटरी घेऊन शोधला, आणि खरंच आडव्या फांदीवर कांडेचोराचे दोन डोळे चमकले. निहारला तो खूप आवडला. आईने कळवलं, ‘मॅडम, सापडला!’ मीही खूश झाले. त्या रात्री निहार नेहमीच्या वेळेला उठला आणि आईला म्हणाला, ‘‘कांडेचोर वयर आसता. तो वेगळो.’’

माझा दुसरा अंदाज गणपतीचा. चतुर्थीला मुंबईहून चाकरमानी आले होते, घर भरलेलं होतं, आणि त्या सात दिवसांत निहार शांत झोपला होता. विसर्जनाच्या दिवशी एका काकाने किनाऱ्यावर गंमत केली, ‘‘तुझ्या हत्तीकपण घालूया काय रे पाण्यात?’’ सगळे हसले. निहारने हत्ती बनियनच्या आत कोंबला आणि घरी येईपर्यंत काढला नाही. मला वाटलं, उगम सापडला. पण आईने जरा आठवून सांगितलं, की रात्रीचं उठणं त्याआधीच सुरू झालं होतं. ‘‘ऑगस्टमधे. नारळीपुनवेच्या सुमाराक.’’

ऑगस्ट म्हटल्यावर मी विचारलं, ‘‘वडील कधी गेले?’’

पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नावांची मासेमारी बंद असते. ते दोन महिने वडील घरी असतात. जाळी शिवतात, नाव रंगवतात, आणि निहार त्यांच्या कुशीत झोपतो. याच दिवसांत हत्तीची सोंड शिवून झाली होती, जाळ्याच्याच दोऱ्याने. मग बंदी उठते, वारा बघून ट्रॉलर निघतो. वडील पहाटे तीनला उठायचे. मूल रडेल म्हणून आवाज न करता, चपला हातात घेऊन बाहेर पडायचे. आदल्या रात्री निहारने विचारलं तर सांगायचे, ‘‘खंय जातंय? हंयच आसंय.’’

ऑक्टोबरात वादळाची सूचना होती, नावा बंदरात होत्या, म्हणून वडील एकदा आले. रापलेला, मितभाषी माणूस. माझ्या खुर्चीत अर्धाच टेकला होता. त्याला हे सांगणं सोपं नव्हतं. प्रेमानेच केलेली गोष्ट आहे, आणि तिचा हिशेब मुलाच्या डोक्यात असा लागलाय: मी झोपलो की माणूस नाहीसा होतो. मग झोपायचं कोण? आणि घेऊन जाणारा पाण्यातूनच येणार, कारण माणसं जातात ती पाण्याकडेच.

हे सगळं निहारच्या डोक्यात असंच होतं, असा माझा दावा नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या मनाचा नकाशा कुणालाच एवढा स्वच्छ दिसत नाही. पण उपाय करून बघण्यासारखा होता आणि त्यात तोटा काही नव्हता. वडिलांनी बराच वेळ सोंडेच्या गाठी बोटाने चाचपल्या. मग म्हणाले, उठवलं तर रडणारच. मी म्हटलं, रडू दे. जागेपणी रडलेलं पाच मिनिटांत संपतं.

ठरलं ते असं. आदल्या संध्याकाळी स्पष्ट सांगायचं, की पहाटे मी जाणार. भिंतीवरच्या कॅलेंडरवर निहारने त्या दिवशी नाव काढायची. येण्याचा दिवस सांगायचा नाही, कारण तो समुद्राच्या हातात असतो. सांगायचं ते एवढंच, की आलो की अंगणातून आधी तुला हाक मारीन. पहाटे उठवून निरोप घ्यायचा, मग तो अर्धवट झोपेत असला तरी.

हत्तीला मी कामाला लावलं. ही युक्ती माझी नव्हे. २००६ च्या लेबनॉन युद्धाच्या वेळी इस्रायलमधले झोपेचे अभ्यासक आवी सादे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरापासून लांब छावणीत राहणाऱ्या लहान मुलांना एक कापडी कुत्रा दिला आणि सांगितलं, हा उदास आहे, याला कुणी मित्र नाही, तू सांभाळशील का? ज्या मुलांनी तो मनापासून सांभाळला त्यांचा ताण जास्त उतरला. मला यातली गंमत आवडते: भित्र्याला ‘भिऊ नको’ म्हणायचं नाही, त्याला दुसऱ्या भित्र्याची जबाबदारी द्यायची. मी निहारला विचारलं, रात्री हत्ती भितो का? तो विचार करून म्हणाला, ‘‘वायच भियता.’’ मग त्याला थोपटायचं कुणी? ‘‘मी.’’

काळोखाचं काम आजींकडे दिलं. यामागे थोडा मतलब होता. ज्यांना काम मिळतं त्या टोमणे कमी मारतात. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या छोट्या मुलाची हकिकत लिहिली. पीटर खाऊ खात असताना ससा आधी लांब, मग रोज जरा जवळ आणला गेला, आणि अखेर तो सशाशी खेळायला लागला. आमचा खाऊ होता खाजं. पहिल्या दिवशी पडवीत दिवा लावून, मग दिवा मालवून, मग खळ्यात बसून आजी-नातू खाजं खायचे. मागच्या न्हाणीघराच्या दारापर्यंत पोचायला तीन आठवडे लागले. तिथे बसून आजी त्याला आवाज ओळखायला लावायच्या: ही गाज, हो बेडूक, ही शेजारच्याची म्हस. आजींची नक्कल फार झकास आहे, हे मला आईने सांगितलं.

सरळ रेषेत काही झालं नाही. एका रात्री वादळात वीज गेली ती सकाळपर्यंत आली नाही, आणि निहार पुन्हा आईच्या अंगावर चढून झोपला. आई घाबरून फोनवर म्हणाली, सगळं वाया गेलं. मी म्हटलं, त्या रात्री माझ्याही घरात तीन माणसं एका गादीवर होती.

हे वाचणाऱ्या आयांसाठी एक खूण. झोप लागल्यावर तास-दोन तासांत मूल किंचाळून उठतं, डोळे उघडे पण ओळख नाही, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, असं असेल तर तो वेगळा प्रकार असतो. तेव्हा हलवून जागं करू नका, इजा होणार नाही एवढं बघा. आणि भीती दिवसाही पाठ सोडत नसेल, शाळा-खेळ सुटत असेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं अचानक परत आलं असेल किंवा महिनोन् महिने काहीच उतार पडत नसेल, तर मात्र डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. हत्ती कितव्या वर्षी सुटायला हवा, असंही विचारतात. माझा मुलगा पुण्याला हॉस्टेलवर गेला तेव्हा बॅगेच्या तळाशी एक फाटका अभ्रा होता. मी बघितलं आणि वर कपडे रचले.

डिसेंबरात आईचा फोन आला. आता रात्रीतून एखाद वेळी हाक मारतो, उठून येत नाही. राक्षसाचं विचारलं तर म्हणतो, ‘‘आसतलो खंय तरी.’’ वडील पहाटे निघाले की हा डोळे चोळत दारापर्यंत जातो. परवा वडिलांनी थट्टेने विचारलं, हत्तीला घेऊन जाऊ का बोटीवर, सोबतीला?

निहारने हत्ती छातीशी धरला आणि समजूत घातल्यासारखं म्हणाला, ‘‘नको. तेका पोवाक येना नाय.’’