ग्रेबच्या त्या लढती बरोबरीच्या नव्हत्या

आजवरच्या थोर मुष्टियोद्ध्यांच्या तुमच्या यादीत तुम्ही रॉकी मार्सियानोला पहिला ठेवलाय, कारण 49 लढती, हार शून्य. आणि हॅरी ग्रेब पहिल्या दहांत नाही, कारण "त्याच्या फार लढती बरोबरीत सुटल्या". वाचलं आणि माझी जुनी वही डोळ्यांपुढे आली.

इथे इंदूरला, रामबागेतल्या घरी, दोन वर्षं मी असेच गुण मांडत होतो. विजयाला दोन, बरोबरीला एक, हार झाली की एक वजा. ग्रेबच्या काळी अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत गुणांवर निकाल द्यायला कायद्याने बंदी होती. दोघंही शेवटपर्यंत उभे राहिले की नोंद ‘निकाल नाही’. कोण सरस ठरला ते दुसऱ्या दिवशी बातमीदार लिहायचे. त्या सगळ्या लढती मी बरोबरीत धरल्या. सुमारे 300 लढती खेळलेला हा गडी, 1922 मध्ये त्याने पुढे हेवीवेट जगज्जेता झालेल्या जीन टनीला हरवलं, टनी उभ्या कारकिर्दीत तेवढाच एकदा हरला, आणि माझ्या यादीत ग्रेब चाळिसावा!

ती यादी छापूनही आली. चूक कळल्यावर दुरुस्तीचं पत्र घेऊन त्या अंकाच्या कार्यालयात तीन खेपा घातल्या. आधी "ठेवून जा", मग "पत्र सापडत नाही", शेवटी "आता जागा नाही". चार ओळींचं पत्र होतं हो! माझ्या नावावर चुकीची माहिती लोकांच्या घरात गेली ती गेलीच. त्याचा राग अजून आहे.

मार्सियानो मोठाच. पण 1951 मध्ये त्याने पाडला तो माजी जगज्जेता जो लुईस 37 वर्षांचा होता. शुगर रे रॉबिन्सन 19 वेळा हरला, तरी माझ्या लेखी पहिला तोच. 1952 च्या जूनपर्यंत त्याच्या नावावर फक्त दोन पराभव होते. मग वरच्या वजनगटातला विजेता जोई मॅक्सिम याच्याशी भिडला. उकाडा असा की दहाव्या फेरीनंतर रेफरीच बदलावा लागला. रॉबिन्सन गुणांत पुढे होता, पण चौदाव्या फेरीला त्याच्याने स्टुलावरून उठवेना. हा पराभव आणि चाळिशीनंतरचे पराभव एकाच रकान्यात कसे मांडणार? म्हणून प्रत्येकाची ऐन भरातली पाच-सहा वर्षंच तोला.

हे माझं मत, दुमत असू शकतं. ग्रेबच्या एकाही लढतीची फिल्म उरलेली नाही, त्यामुळे त्याच्याबाबत मीही छापील वर्णनांवरच विसंबून आहे.

आणखी एक, यूट्यूबवर मूकपटाच्या काळातल्या लढती बघताना वेग 0.75 करून बघा. त्या बऱ्याचदा मूळ वेगापेक्षा जोरात पळतात, म्हणून त्या काळचा हेवीवेट जगज्जेता जॅक डेम्प्सी याच्यासारखा माणूस धांदरट वाटतो. वेग उतरवला की खांदा कसा झुकतो आणि हूक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, कुठून येतो, ते नीट दिसतं.